लिनोलियमखालचा गुरुवार

हॉल्मरॉइड, यॉर्कशर. सिंकखाली पाणी साचलं
म्हणून प्लंबरने स्वयंपाकघरातलं लिनोलियम उचकटलं
तर खालून गुरुवार निघाला.
बारा ऑक्टोबर एकोणीसशे बाहत्तर,
चार पानं, कडेकडेने कसरीने आधीच वाचलेली.

मी गुडघे टेकून वाचत बसलो.
ग्रॅहम पाना हातात घेऊन उभा,
त्याचं मीटर चालू.

पहिल्या पानावर टाउन हॉलचं घड्याळ:
अकरा मिनिटं मागे पडतंय, अशी ओरड.
समितीची बैठक बरोबर सातला सुरू झाली,
म्हणजे सात वाजून अकराला.
अडीच तास खल झाला.
ठराव: घड्याळ वयस्कर आहे, त्याचा मान राखावा,
गावानेच जरा उशिरा निघावं.

त्याच्याखाली बँकेत शेळी शिरलेली.
मॅनेजर मिस्टर पिकल्स म्हणाले,
"तिचं आमच्याकडे खातं नाही."
खातं नसताना तिने खाल्लं ते असं:
पाचाची एक नोट आणि कर्जाचे कागद.
कर्जदाराने शेळीबद्दल समाधान व्यक्त केलं आहे.

पाव अर्ध्या पेनीने महागला, आणि अग्रलेखात
साम्राज्याचा अस्त जाहीर झाला.
(तो पंचवीस वर्षांपूर्वीच झाल्याचं
त्यांना कुणी कळवलं नसावं.)

सापडली आहे: वरच्या दातांची कवळी,
रीगल थिएटर, एफ रांग.
मालकाने येऊन ओळख पटवावी.
कशी, ते लिहिलं नव्हतं.

आणि एका प्राध्यापकांचं भाकीत: सन दोन हजारात
माणूस आठवड्यातून दोन दिवस काम करील,
भांडी आपली आपण घासली जातील,
नळ गळणार नाहीत.
हे मी ग्रॅहमला मोठ्याने वाचून दाखवलं.
तो म्हणाला, "मग मी काय खायचं?"

हवामान कोरडं राहील.
नेमकी हीच ओळ भिजली होती.

चौथं पान शेगडीसमोर होतं,
पालथं घातलेलं. वाचकांची पत्रं.

"महाशय, आमच्या गल्लीतले एक परदेशी गृहस्थ
(त्यांचं नाव छापायला तुमचे खिळे पुरणार नाहीत)
कोळशाच्या खोपटाच्या छपरावर
पिवळट चकत्या मांडतात.
ओळीने. आकाशाकडे तोंड करून.
हे कुणाला इशारे आहेत?
नगरपालिका झोपली आहे काय?
आपला, नाव न छापण्याच्या अटीवर,
क्रमांक चौदा, बीच टेरेस."

आम्ही सोळा.

चकत्या म्हणजे उडदाचे पापड,
यॉर्कशरच्या चाळीस मिनिटांच्या उन्हावर
विश्वास टाकून आईने लाटलेले.
गृहस्थ म्हणजे बाबा. घैसास.
इथे गिरणीत लोकरीचे रंग तपासायचे,
त्याआधी मिरजेला इंग्रजी शिकवायचे.

पत्राच्या समासात लाल पेन्सिल.
संपादकाच्या हातून निसटलेली दोन स्पेलिंगं गोल केलेली,
एक स्वल्पविराम पाहुण्यासारखा आत बसवलेला,
आणि खाली शेरा:
"निरीक्षण बरे. निष्कर्ष कच्चा.
दहापैकी साडेचार."

मग त्यांनी ते पालथं घालून
वर लिनोलियम अंथरलं असणार.
तीस वर्षं आई तिथेच उभी राहून पापड तळत होती,
नगरपालिकेच्या झोपेवर पाय रोवून.

चौदा नंबरचे मिस्टर क्लेगहॉर्न मला आठवतात.
दर रविवारी कुंपणावरून बशी पुढे करायचे,
रिकामी, धुतलेली,
आणि इकडेतिकडे बघायचे, जणू बशी दुसऱ्याच कुणाची.
बाबा ती पापडांनी भरून परत द्यायचे
आणि आत येता येता पुटपुटायचे, "पाच."
पुढच्या उन्हाळ्यात, "साडेपाच."
मग बरीच वर्षं "सहा"वरच अडकले होते.

मला वाटायचं, बाबा वेळ सांगतायत.
आणि चुकतायत म्हणून नवलही वाटायचं नाही,
गावचं घड्याळच तसं होतं.

शेवटच्या रविवारी बशी त्यांच्या मुलीने आणली.
म्हणाली, डॅडना उठवत नाही, पण मागितलेत.
बाबांनी बशी भरली, वर आणखी दोन ठेवले,
दार लावलं
आणि भर दुपारी एक वाजता
म्हणाले, "आठ."